पांढऱ्या हाताखालचा बैल

माझ्या गाढवपणाची ही गोष्ट भोकरदनमध्ये आता माझ्याशिवाय सगळे सांगतात, आणि प्रत्येक जण त्यात पदरचं काहीतरी घालतो. परवा स्टँडजवळच्या चहावाल्यानं ती मलाच ऐकवली. त्याच्या गोष्टीत मी शेवटी मांडवातून पळून जातो म्हणे. अहो, मी पळालो नव्हतो. पळायला जागाच नव्हती! तेव्हा बसा, चहा घ्या, आणि काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका.

मला गावात पेंटर म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे, बाकी कुठे नाही. बायको सुमनसुद्धा फोनवर "पेंटर जेवायला बसलेत" असंच सांगते. तीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, शाळांच्या भिंतींवर फळं आणि पक्षी काढले, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागे वाघ काढले. वाघ कधीकधी बोक्यासारखे दिसायचे, पण ट्रॉली धुळीत चालली की कोण बघतंय?

मग फ्लेक्स आले आणि माझे ब्रश माळ्यावर गेले.

आमची पल्लवी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. एके दिवशी तिनं वापरलेला एक टॅब आणला, सोबत एक पांढरी पेन्सिल. म्हणाली, "बाबा, आता यावर काढा. हात तुमचाच ऱ्हाईल, फक्त डबे अन् टर्पेंटाइन गेलं."

"अन् रंग वाळतो का यात?"

"तो ओला नसतोच बाबा."

हे डोक्याला कळतं हो, पण तीस वर्षांच्या सवयीला कोण सांगणार? पहिले आठ दिवस मी प्रत्येक रेघ मारून काचेवर फुंकर घालत होतो. पेन्सिल कानावर अडकवायचो आणि मग ती घरभर शोधायचो. टॅब भिंतीला टेकवून सहा पावलं मागे जायचो आणि एक डोळा मिटून बघायचो. तेवढ्यात काच काळी पडायची, आणि त्यात माझंच एक डोळा मिटलेलं तोंड दिसायचं. एकदा तर टर्पेंटाइनचा बोळा घेऊन काच पुसायला निघालो होतो. सुमननं मनगट धरलं म्हणून टॅब वाचला.

त्यात आणखी एक भानगड. या ॲपमध्ये दोन बोटं टेकवली की शेवटची रेघ पुसली जाते. मला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टेकवूनच काम करायची सवय! मी नाक काढलं की नाक गायब. पुन्हा काढलं, पुन्हा गायब. तासभर मी एकच नाक काढत होतो. शेवटी पल्लवीला हाक मारून सांगितलं की तुझ्या टॅबला नाक पसंत पडून नाही राह्यलं.

पण खरा घोळ झाला तो लेअरवर. पल्लवीनं फार प्रेमानं समजावलं होतं. "बाबा, एकावर एक काचा ठेवल्यागत समजा. खालच्या काचेवर एक चित्र, वरच्या काचेवर दुसरं."

"समजलं. म्हंजे पहिला हात, दुसरा हात."

"तसं न्हाई. वरचं काढलं तरी खालचं तसंच ऱ्हातं. याला सगळं आठवतं."

"समजलं म्हनलं ना."

मला काय समजलं होतं ते सांगतो, कारण इथेच माझं दिवाळं वाजलं.

आम्हा भिंत रंगवणाऱ्यांची एक रीत आहे. मी जालन्याला ज्यांच्याकडे काम शिकलो ते उस्ताद कोऱ्या भिंतीवर एकदम कामाला हात घालू द्यायचे नाहीत. हात आखडलेला असतो. म्हणून आधी भिंतीवर मनात येईल ते काढायचं. मालक कंजूष असेल तर त्याचं पोट काढायचं, चहा पाजत नसेल तर त्याला माकड करायचं. चार शिव्याही लिहायच्या. हात सैल होतो, डोकं थंड होतं. मग वरून सफेद्याचा एक जाड हात मारायचा आणि त्यावर मालकाला हवं ते अगदी अदबीनं लिहायचं. उस्ताद म्हणायचे, "सफेदा मारा, के दीवार सब भूल जाती."

तुम्हाला म्हणून सांगतो, या तालुक्यातल्या कितीतरी सन्माननीय पाट्यांच्या खाली आजही माकडं बसलेली आहेत. तीस वर्षांत एकही बाहेर आलं नाही.

आता मूळ गोष्ट. पल्लवीचं लग्न जमलं. मुलगा अमोल, संभाजीनगरला कंपनीत मशीनच्या भागांचे नकाशे काढतो. शांत, हसरा. दोघं एकमेकांना पसंत. मुलाचे वडील भगवानराव जाफराबादकडचे, कपाशी-सोयाबीनवाले. उंच, भरदार, मिशा अशा की आधी मिशा घरात येतात आणि मग भगवानराव. बोलतात कमी. नुसतं बघतात. आणि ते बघत असले की आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं.

सुपारी आमच्या दारात फुटायची ठरली. आमच्याकडे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर सुपारी फुटली की लग्न पक्कं. ती फुटेपर्यंत मात्र काही खरं नाही. पाटावर बसलेले पाहुणे उठून गेल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि कारण काय, तर पापड आधी त्यांना न देता दुसऱ्याला वाढला. म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला. पोरगी रात्रंदिवस आनंदात होती, आणि ते सगळं त्या एका सुपारीवर येऊन अडलेलं.

मी ठरवलं की भगवानरावांना आपल्या हातचं चित्र भेट द्यायचं. टॅबवरचं. म्हणजे पाहुण्यांनाही कळेल की मुलीचा बाप जुना असला तरी जुनाट नाही.

टॅब मांडीवर घेऊन बसलो, तोच भगवानरावांचा फोन.

"पाव्हणे, सुपारीला पन्नास मानसं म्हनलो व्हतो ना."

"हो, पन्नासची तयारी बराबर करून राह्यलो."

"एकशे वीस व्हतील."

फोन बंद. दोन खोल्यांचं घर माझं! समोर बोळ. एकशे वीस माणसं मी काय पत्र्यावर बसवू? माझं डोकं जे फिरलं, ते थंड करायचा मला एकच उपाय माहीत.

मी बैल काढला.

पोळ्याचा सजवलेला बैल. रुंद कपाळ, जड पापण्या, ते गप्प बघणं. रंगवलेली शिंगं, त्यांच्या टोकांना पितळी शेंब्या, गळ्यात घुंगरांची माळ, कपाळाला बाशिंग, अंगावर आरशांची झूल. आणि नाकपुड्यांखाली त्या मिशा. झुलीवर अक्षरं टाकली, माझी ठेवणीतली, सावलीवाली: "एकशे वीस माणसं, अन् दोन खोल्या." तरी मन भरेना. मग मागे बाकीच्या एकशे वीस बैलांची रांग काढायला घेतली. बावीस बैल झाल्यावर हात दुखला म्हणून थांबलो. सगळं मिळून अर्ध्या-पाऊण तासाचं काम, पण हात असा सुटला होता, की समोर काच आहे हे विसरलोच.

राग निवला. मग रीतीप्रमाणे पांढरा रंग घेतला, ॲपमधला सगळ्यात जाड ब्रश घेतला, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत झकास पांढरा हात मारला. बैल गेला. काच कोरी. फुंकरही मारली.

त्यावर भगवानरावांचं चित्र तीन आठवडे चाललं. फोटो म्हणून त्यांच्या मोबाइलवरचा एकच मिळाला, त्यात काळा गॉगल. डोळे मी अंदाजानं काढले. डोळे अंदाजाचे झाल्यावर नाक त्यांना जुळेना, म्हणून नाक बदललं. मग मिशा नाकाला जुळेनात. फेटा मात्र एक नंबर जमला. पल्लवीनं एकदा डोकावून पाहिलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाबा, फेटा छान झाला." मी म्हटलं, पोरगी भारावली.

सुपारीचा दिवस उजाडला. एकशे वीस नाही, एकशे सव्वीस माणसं आली. बोळात मांडव घातला होता. खुर्च्या इतक्या दाटीनं लावलेल्या की एकानं उठायचं तर सात जणांना विचारावं लागे. चहा झाला, पोहे झाले, पापडाचा मान मी डोळ्यात तेल घालून ज्याचा त्याला दिला. मधोमध पाटावर ताट, ताटात हळद-कुंकू, टॉवेल-टोपी, आणि ती सुपारी. शेजारी अडकित्ता.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सुपारीच्या आधी पाव्हण्यांसाठी एक छोटीशी भेट."

टीव्ही बाहेर टेबलावर आणून ठेवला होता. अमोलनं टॅब त्याला जोडला. पडद्यावर माझं चित्र आलं. मांडव शांत झाला. इतका शांत की आचाऱ्याची कढई ऐकू आली. भगवानराव खुर्चीत सावरून बसले, बारकाईनं बघितलं, आणि त्यांनी चक्क पडद्याला हात जोडले. ते बघून त्यांच्याकडच्या चार-पाच जणांनी जोडले. माझा ऊर भरून आला. तीस वर्षांत कुणी माझ्या वाघाला हात जोडले नव्हते.

अमोल म्हणाला, "मामा, किती बारीक काम आहे. हे ॲप सगळं रेकॉर्ड करतं, पहिल्या रेघेपासून. सगळ्यांना दाखवू का, कसं काढलंत ते?"

आता इथे देवानं मला थोडी तरी अक्कल द्यायला नको होती का? मला वाटलं, वा, लोकांना माझी मेहनत दिसेल. मी खुर्चीत रेलून बसत, मोठ्या मनानं म्हणालो, "दाखवा की जावईबापू. बिलकुल पहिल्यापासून दाखवा."

त्यानं बटण दाबलं.

पडद्यावर एक रेघ आली. मग दुसरी. मला ती रेघ ओळखीची वाटली. तिसरी रेघ आली. शिंग!

अहो, ते इतक्या भरभर चाललं होतं की काय सांगू. शिंगं झाली, शेंब्या झाल्या, बाशिंग चढलं. मी मनात म्हणतोय, निदान मिशा तरी नको दाखवू. मिशा आल्या. एकशे सव्वीस माणसांनी एकदम भगवानरावांकडे पाहिलं, मग बैलाकडे, मग पुन्हा भगवानरावांकडे. हा बैल कोण, हे त्यातल्या एकालाही विचारावं लागलं नाही. मग झूल आली, आणि झुलीवर माझी ठेवणीतली अक्षरं, लांबूनही स्वच्छ वाचता येणारी. तीस वर्षं मी लोकांना तेच तर विकलं होतं.

मी उठलो. ताटातला मानाचा टॉवेल उचलला आणि टीव्हीवर टाकला. म्हणजे दुसरा हातच म्हणा. पण टॅब? तो अमोलच्या हातातून कधीच बायकांच्या बाजूला गेला होता आणि या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होता. तिकडे बैलांची रांग सुरू झाली होती.

भगवानरावांचा एक चुलतभाऊ मान लांब करून विचारत होता, "यात म्या कोनता?"

"तुमी तिसरे. पोट बघा की," टॅब मांडीवर असलेली एक बाई म्हणाली.

त्यांची म्हातारी आत्या चष्मा वर करून म्हणाली, "सगळे बैलच हाईत. आमी बाया आल्तो त्या कुटं हाव?"

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढं मात्र मला सहन झालं नाही. बाकी सगळी फजिती चालेल हो, पण पोरीनं मला शिकवलं, आणि त्याच शिकवण्यानं मी तिचंच मोडायला बसलो, हे मला खरंच लागलं. मी जाऊन भगवानरावांसमोर उभा राहिलो. पळायचं मनात आलं होतं, खोटं नाही सांगत. पण दोन्ही बाजूंना सात-सात खुर्च्या होत्या.

भगवानरावांनी हात पुढे केला. "टॅब आना."

टॅब आला. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला. चित्र पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. बैल आला. त्यांनी बोटानं तिथेच थांबवला आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. इतके हुबेहूब त्या बैलासारखे, की मला माझ्याच हाताची भीती वाटली.

"हे कोनी काढलं?"

"म्या काढलं, पाव्हणे. चूक झाली. आमच्या धंद्यात तशी रीत असते, पन चूक ती चूकच. त्यात पोरीचा काहीच दोष न्हाई."

"किती येळ लागला?"

"अर्धा-पाऊण तास."

त्यांनी व्हिडिओ पुढे जाऊ दिला. पांढरा हात आला. मग तीन आठवडे भरभर निघाले. नाक वाढतंय, आखडतंय, डावीकडे सरकतंय. मिशा उगवताहेत, झडताहेत, पुन्हा उगवताहेत. डोळे चेहराभर हिंडून शेवटी जागा मिळेल तिथे बसले. पूर्ण चित्र आलं तेव्हा भगवानरावांनी टॅब जरा लांब धरला.

"अन् ह्याला?"

"तीन आठवडे."

त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "पाव्हणे, बैल मीच हाय, ते दिसूनच राह्यलं. मानसं एकशे वीस म्हनलो तवा आमच्या घरात बी मला हेच म्हनले, फकस्त चित्र न्हवतं काढलं. झूल आवडली. पन एक इचारतो, राग मानू नका." त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "ह्ये कोन?"

मी नुसतं फेट्याकडे बोट दाखवलं.

"मला वाटलं, तुमचे वारलेले वडील आसतील. म्हनून हात जोडले."

मांडवात पहिल्यांदा हसली ती त्यांची आत्या. मग एकशे सव्वीस माणसं हसली, आचारी कढई सोडून बाहेर आला, आणि डोळे पुसत पल्लवीही हसली. भगवानरावांनी स्वतः अडकित्ता घेतला आणि सुपारी फोडली. वर मला बजावलं, "लग्नात आमाला टॉवेल-टोपी नको. झूल आना."

लग्न छान झालं. माणसं किती आली ते विचारू नका, मी आता आकडे ऐकले की हातात पेन्सिल धरत नाही. बैलाचं चित्र भगवानरावांनी व्हिडिओतून काढून, मोठं छापून बैठकीत लावलंय. जाफराबादहून येणारा प्रत्येक जण मला सांगतो, पेंटर, काय हुबेहूब भगवानराव काढलेत हो. त्या भागातून मला आता कामंही येतात, आणि सगळ्यांना बैलच पाहिजेत.

वरचं चित्र मी छापून फ्रेम करून दिलं होतं, ते मात्र त्यांनी अगदी आदरानं परत पाठवलं, फ्रेमसकट. तीन आठवड्यांची मेहनत, टाकवेना, म्हणून आमच्याच भिंतीवर लावलं. दसऱ्याला सुमननं सगळ्या फोटोंना हार घातले, तसा त्यालाही घातला. मी म्हटलं, "अगं, हे भगवानराव आहेत. जिवंत माणसाला हार काय घालून राह्यली?"

ती फ्रेम पुसत म्हणाली, "भगवानराव असते तर घातला असता का? कोणाचे का असेनात बिचारे, आपल्या घरी आलेत."